दिवाळीपुरते केस

मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या माणसाला गावातलं कुणीच फारसं आवडत नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. कारण त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. कुणाला मूळव्याध आहे, कुणाला झोप लागत नाही, कोण चिठ्ठीशिवाय काय मागतं. हे सगळं पोटात ठेवायचं आणि वर "बाकी काय म्हणता?" म्हणून हसायचं. पुणतांब्याच्या स्टेशन रोडला वीस वर्षं मी हेच करतोय. बहुतेकांची गुपितं संध्याकाळी शटर ओढेपर्यंत मी विसरूनही जातो. जाधव बाईंचं मात्र पोटात राहिलं ते राहिलंच. बाई गेल्या, परवा त्यांची आईही गेली. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, आणि नाही सांगितलं तर मलाच काहीतरी होईल.

जाधव बाई मला चौथीला होत्या. उंच, हाडकुळ्या, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. त्यांचं एक वाक्य होतं, "उत्तर सांग, गोष्ट सांगू नकोस." गृहपाठ का नाही केला म्हटल्यावर आम्ही म्हैस व्याली इथपासून सुरू करायचो. बाई हात वर करून थांबवायच्या. केला की नाही केला, एवढंच. आणि दुसरी खोड म्हणजे मार्क. जगातल्या प्रत्येक गोष्टीला बाई दहापैकी मार्क द्यायच्या. हेडमास्तरांच्या भाषणाला तीन. माझ्या लग्नातल्या जिलेबीला सहा, "पाक कमी पडला" म्हणून. कशा आहात विचारलं तर म्हणायच्या, "पासापुरती." एकदा एक पालक पिऊन शाळेत आला, तर बाईंनी त्याला पोरांच्या बाकावर बसवलं आणि उतरेपर्यंत पाढे म्हणायला लावले. तेराच्या पाढ्याला तो रडला. पुन्हा तो शाळेच्या रस्त्यानं पिऊन गेला नाही, रेल्वे लाइनवरून वळसा घालून जायचा.

बाईंनी लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, मग थोरली बहीण विमल आजारली, मग आईचे डोळे गेले. अशा घरात एकाचं राहून जातं, तसं बाईंचं राहून गेलं. माझ्या दुकानामागच्या बोळात मायलेकींचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं.

आणि केस. शाळेत अंबाडा असायचा, पण घरी आल्यावर वेणी सोडली की कमरेच्या खाली यायची. रोज संध्याकाळी आई, म्हणजे भागीरथीआजी, ओट्यावर बसायच्या आणि बाई खालच्या पायरीवर. पन्नाशी उलटलेली बाई, जिच्यासमोर सरपंच उभा राहून बोलायचा, ती आईच्या दोन गुडघ्यांमध्ये मान खाली घालून बसलेली असायची. काचबिंदूनं आजींची नजर पार गेली होती. पण बोटांनी त्या सगळं वाचायच्या. "आज कणकण हाय का गं? केस गरम लागत्यात." विंचरून झालं की कंगव्यातली गुंतवळ काढायची, बोटावर गुंडाळायची, तीनदा थू थू करायचं आणि भिंतीच्या भेगेत खोचायची, दृष्ट लागू नये म्हणून. येणारे-जाणारे हसायचे. हसू देत. बाईंच्या अंगाला मायेनं हात लावणारं जगात तेवढंच एक माणूस होतं.

मागच्या वर्षीच्या आषाढात एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, बाई आल्या. म्हणाल्या, "अरुण्या, ते केस उगवायचं लोशन असतं ना, ते दे."

आता हे लोशन आमच्याकडे कोण नेतं? लग्न जमत नसलेली पोरं. मी आपला हसत विचारलं, "कुणाला, बाई? भाच्याबिच्याचं ठरतंय का कुठं?"

"उत्तर पाहिजे का गोष्ट?"

"उत्तर."

"मला कॅन्सर झालाय. छातीत गाठ आहे. सोमवारी नगरला पहिली केमो. आता लोशन दे."

मी बाटली हातात धरून तसाच उभा. बाईंनीच माझ्या हातातून ती घेतली, खोक्यातला कागद काढला, चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाल्या, "भाषा दोन मार्कांची आहे."

मी म्हणालो, "बाई, लोशननं केमोची गळती थांबत नाही हो. डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच म्हणाले. लोशननं थांबत नाही, गेलेले जरा लवकर उगवतात, तेही उगवले तर. पुण्याला मशीनची थंड टोपी मिळते. औषध चालू असताना डोकं गार ठेवायचं. गारव्यानं रक्त कमी येतं, मग औषधही मुळापर्यंत कमी जातं. काहींचे वाचतात, काहींचे नाही. पण पुण्याला मुक्काम पडतो. आईला रात्रभर एकटं कसं ठेवू?"

"पण बाई, केसांचं काय एवढं? जीव महत्त्वाचा. केस काय, येतात परत." हे वाक्य मी काउंटरवरून शंभर बायकांना ऐकवलं असेल.

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "विमलला हेच झालं होतं. तेव्हा आईला थोडं दिसत होतं. विमलला मांडीवर घेऊन विंचरायला बसली आणि सगळा बुचका हातात आला. त्यानंतर विमल दोन महिने जगली. आई अजून म्हणते, 'आधी केस गेले, मग पोरगी गेली.' तिला गाठ कळत नाही, रिपोर्ट कळत नाही. केस कळतात. माझे गेले की ती त्याच दिवशी मला पुरून मोकळी होईल."

मग पुढं म्हणाल्या, "रोजचं मी काहीतरी सांगून टाळीन. पण दिवाळीला पहिल्या आंघोळीला ती मला स्वतः तेल लावते. एवढ्या वर्षांत एकदा चुकलं नाही. ते नाही टाळता येणार. दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यावर केस पाहिजेत, अरुण्या. पुढचं पुढं. आणि हे तुझ्या पोटात राहू दे." शाळेत केमोच्या दिवसांपुरत्या मेडिकल रजेला त्यांनी पोटाचं ऑपरेशन असं कारण दिलं होतं.

आमच्याकडं इन्सुलिन येतं ते जेलच्या गार पिशव्यांसोबत. निळ्या, हाताएवढ्या, गोठवल्या की दगड. बाईंची नजर त्यांच्यावर गेली. दुसऱ्या दिवशी त्या एक टोपी शिवून घेऊन आल्या. जुन्या परकराचं कापड, आत कापसाचा थर, बाहेरून खिसे, हनुवटीखाली बांधायला नाडी. पोरांना कार्यानुभवाच्या तासाला शिवणाचे टाके शिकवणारी बाई ती. टाका बघत राहावा असा. डॉक्टरांना दाखवून, विचारून आल्या. ते म्हणाले, मशीनसारखी होणार नाही, पण करून बघा, कातडी मात्र सांभाळा. मग मी दर केमोच्या आदल्या दिवशी पिशव्या गोठवायचो आणि सकाळच्या गाडीला थर्माकोलचा डबा बाईंच्या हातात द्यायचो.

एकदा मी सोबत गेलो. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आलं तरी आमच्या तोंडात नगरच. तिथल्या खोलीत खुर्च्या ओळीनं, प्रत्येक हाताला सलाईन. बाई अर्धा तास आधीच टोपी बांधून बसल्या. सिस्टर हसून म्हणाली, "काय बाई, फ्रिजच डोक्यावर घेतला का?" बाई हसल्या नाहीत. त्यांचे दात वाजत होते. टोपी गार राहिली नाही की मी पिशव्या बदलायचो. ओठ निळे पडले तेव्हा मी म्हणालो, "बाई, काढूया जरा वेळ." त्यांनी मान हलवली आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. तो संपला की सदतीसचा. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंच्या सोबतीला नवरा होता, पलीकडच्या म्हातारीला दोन सुना होत्या. आमच्या बाईंच्या सोबतीला पाढे होते आणि मी. परत येताना विचारलं, कसं वाटतंय. म्हणाल्या, "आज नापास."

आता घरचं ऐका. डॉक्टरांनी बजावलं होतं, तेल नको, ओढून विंचरणं नको, सारखा हात नको. म्हणजे केस आईच्या हातासाठी वाचवायचे आणि आईचा हात मात्र लागू द्यायचा नाही, असा सगळा उफराटा कारभार. बाईंनी आईला थाप मारली की शाळेत पोरांना उवा झाल्यात, तुला लागतील. त्यावर आजी खूश! "आगं मंग बस की, म्या काढते. मला उवा दिसत न्हाईत, घावत्यात!" मग थाप संपली आणि नुसतं "नको म्हटलं ना, आई" उरलं. ओट्यावर आजी एकट्या बसायला लागल्या. कंगवा पदराच्या टोकाला पुसत बसायच्या.

गणपती उठल्यावर आजींनी मला बीपी मोजायला बोलावून घेतलं. बाई शाळेत गेल्या होत्या. मी पट्टा बांधतोय तर आजींनी माझं मनगट धरलं.

"दार लोटलंस का?"

"लोटलं, आजी."

"आरं, तू औषिदवाला हाईस. माज्या गळ्याची आन हाय तुला. माजी सुमन दारू पिती का रं?"

मी म्हणालो, "आजी! काहीतरीच काय!"

"काईतरी न्हाई. वास येतो. सकाळी येतो, दिवे लागनीला येतो. स्पिरीटावानी. माजा दीर हुता असाच, वास मी इसरन का? मोरीत जाऊन वकती. सुट्टीच्या दिशी पडून ऱ्हाती. जेवत न्हाई. अन् मला जवळ येऊ देत न्हाई, वास कळंल म्हनून."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते लोशन! त्यात अर्धंअधिक स्पिरीटच असतं. बाई दोन वेळा डोक्याला लावत होत्या. ज्या बाईनं बेवड्याला पाढे म्हणायला लावले, ती स्वतःच्या घरात बेवडी ठरली होती. मला हसू आवरेना आणि पुढच्या वाक्याला ते पार गेलं.

आजी म्हणाल्या, "म्या तिचं लगीन न्हाई केलं. माजे डोळे गेले म्हनून ती ऱ्हायली. एकली पडली रं पोरगी. दिसभर दुसऱ्याची पोरं, घरी आलं की आंधळी म्हातारी. एकलं मानूस पिनार न्हाई तर काय करंल?"

मी बीपी सांगितलं आणि पळालो. खोटं सांगतो कशाला, मला तिथं बसवेना.

संध्याकाळी बाईंना सांगितलं. बाई औषधांच्या खोक्यावर बसून जे हसत सुटल्या, की मीच घाबरलो. "बेवडी! मी! अरे देवा!" डोळ्यांना पाणी आलं, खोकला आला. मग पदरानं तोंड पुसलं. नंतर विचारलं, "आईनं विमलचं नाव काढलं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, बाई."

"मग राहू दे. बेवडी चालेल."

मला संताप आला. म्हणालो, "अहो बाई, गावात कळलं तर? एवढ्या वर्षांची अब्रू तुमची!"

"गावाला शून्य मार्क," बाई म्हणाल्या. "दारू सुटते, असं आईला वाटतं. या आजारातून कुणी सुटतं, असं तिला वाटत नाही. तिला आशा तरी राहील."

पण आजी म्हणजे बाईंचीच आई. त्या हातावर हात धरून बसतात होय? आमच्याकडं दारू सोडवायची एक जुनी रीत आहे. गळ्यात तुळशीची माळ घालायची. माळ घातली की माणूस थेंबाला शिवत नाही, शिवला तर पाप. आजींनी दूधवालीकडून देवळातून माळ मागवली. दूधवालीला माळ कुणासाठी ते सांगितलं, आणि दूधवालीला सांगणं म्हणजे चावडीवर दवंडी देणं. बाईंचं उतरलेलं तोंड, काळवंडलेली नखं, रजा, सगळ्याचा गावाला एकदम उलगडा झाला. "एकटी बाई, होतं असं," म्हणून लोक माझ्याच काउंटरवर हळहळले. मी दात आवळून पॅरासिटामोल मोजत राहिलो.

माळ घालायला साक्षीला मला बोलावलं. आजींनी चाचपडत बाईंचा गळा शोधला, माळ घातली आणि म्हणाल्या, "माज्या डोक्यावर हात ठेव. म्हन, आजपून शिवनार न्हाई."

बाईंनी आईच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत प्रार्थना म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "आजपासून शिवणार नाही."

मी भिंतीकडं बघत होतो. माझ्यानं त्या दोघींकडं बघवलं नाही.

आता आली का पंचाईत? लोशन घरात लावावं तर वास येणार, वास आला की शपथ मोडली, म्हातारी खचणार. लोशन सोडावं तर केस जाणार, असं बाईंना वाटत होतं. मी म्हणालो, "बाई, खरं तर टोपीचाच काय तो गुण. लोशननं फरक पडत नाही." तर म्हणाल्या, "परीक्षेच्या आदल्या रात्री देवाला नमस्कार करतोस ना? तसं समज." मग त्या शाळेतून थेट दुकानाच्या मागच्या खोलीत यायला लागल्या. खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसून, केस मोकळे सोडून, थेंब थेंब लावायच्या. मग वास उडेपर्यंत पंख्याखाली बसून राहायच्या. घर मागच्या बोळात, आई ओट्यावर त्यांचीच वाट बघत बसलेली, आणि बाई माझ्या खोक्यांमध्ये वाळत बसलेल्या.

त्या खोलीत एकदा म्हणाल्या, "अरुण्या, डोक्याला कुणाचाच हात लागला नाही ना, की ते आपलं वाटत नाही रे. नुसतं मानेवर ठेवल्यासारखं वाटतं."

मला वाटलं पुढं व्हावं, हात ठेवावा. पण विद्यार्थ्यानं बाईंच्या डोक्यावर हात ठेवायचा, हे काही मला जमेना. मी आपला पंख्याचा वेग वाढवला आणि बाहेर येऊन बसलो.

केस गेले. खोटं कशाला सांगू, पुष्कळ गेले. कपाळावरचे गेले, भांग रुंद झाला. पण सगळे नाही गेले. केमोच्या खोलीतल्या बाकीच्या बायकांची डोकी नारळासारखी झाली तेव्हाही बाईंची करंगळीएवढी वेणी होती. डॉक्टर म्हणाले गारव्याचा गुण. मी म्हणतो हट्टाचा.

दिवाळीच्या आठवड्यात बाई काउंटरवर आल्या. म्हणाल्या, "रिपोर्ट आला. लिव्हरमध्ये गेलंय." मी काही बोलायच्या आत हात वर केला. "गोष्ट नको. नरकचतुर्दशीला पहाटे घरी ये. आईला कळलं तर तिचं बीपी चढेल. गोळी घेऊन ये."

मी गेलो. पाटाभोवती रांगोळी, दारात पणती, वाटीत कोमट तेल. बाई पाटावर बसल्या, गळ्यात ती माळ. आजी मागं बसल्या आणि त्यांनी हात तेलात बुडवले. मी दाराशी उभा, मूठ खिशातल्या गोळीवर.

आजींचे हात टाळूवर टेकले आणि थांबले. बोटं पुढं गेली, मागं आली, वेणीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. बाईंनी डोळे घट्ट मिटले.

"लई गेलं गं," आजी म्हणाल्या.

बाईंची मान आणखी खाली गेली.

"दारूनं नेलं." मग बोटं पुन्हा भांगाशी आली. "पन हे बग, हितं टोचतंय. नवं उगवायलेत. सोडलीस म्हनून उगवायलेत. आता येत्याल समदे. आता काई भ्याव न्हाई."

आणि मग आजी तेल लावत बसल्या. किती वेळ लावलं! वाटी रिकामी झाली तरी हात चालूच. एवढ्या महिन्यांची बाकी वसूल करत होत्या. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज अजिबात नव्हता. आंधळ्या माणसासमोर रडायची पद्धत त्यांना ठाऊक होती. मधेच त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हातांची दहाही बोटं वर केली. बाईंनी कशाला दहापैकी दहा दिलेले मी तेवढेच पाहिले. मी तसाच घरी निघून आलो.

नंतर कावीळ झाली. पौषात नगरलाच दवाखान्यात बाईंनी प्राण सोडला.

लोक भेटायला येत होते. आजी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लिव्हर, कावीळ, एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ त्यांनी त्यांचा लावला होता. येईल त्याला त्या आपणहून सांगायच्या, मान ताठ ठेवून. "माजी सुमन पीत हुती. पन सोडली तिनं. सोडून मग गेली." हेडमास्तर आपल्या चपलांकडं बघायला लागले. बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या आत नुसता जाळ झाला. वाटलं, उठावं आणि सगळ्या गावाला ओरडून सांगावं की गाढवांनो, या बाईनं आयुष्यात दारूची बाटली हातात धरली नाही. मी उठलोही.

आजींनी पाऊल ओळखलं. "अरुण हाय का? तू सांग रं ह्यास्नी. तुज्यामोरं आन घेतली तिनं. पुन्ना शिवली का ती?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाई शिवली, आजी."

"लई गडीमानसांस्नी न्हाई जमत ते," आजी म्हणाल्या. "माज्या लेकीला जमलं."

"जमलं, आजी," मी म्हणालो, आणि खाली बसलो.